सीमासंघर्ष आणि राजनय : इथिओपिया-एरिट्रिया प्रकरण

सशस्त्र सीमासंघर्षाला बाह्य सत्तांकडून मिळणारा राजनयिक प्रतिसाद त्रिविध असतो : (१) निरोधक, म्हणजे युद्ध थांबवणारा; (२) निर्णायक, म्हणजे सीमा कोणती हे ठरवणारा; (३) प्रवर्तक, म्हणजे ठरलेले अमलात आणणारा. सीमानिर्धारण, म्हणजे करारांच्या आधारे रेषा निश्चित करणे, हे दुसऱ्या प्रकारात येते. सीमांकन, म्हणजे ती रेषा भूमीवर खांबांनी दर्शवणे, हे तिसऱ्यात.

निरोधक प्रयत्न प्रथम घेऊ. मे १९९८ मध्ये इथिओपिया व एरिट्रिया यांच्या सीमेवरील बाद्मे या गावाच्या परिसरात संघर्ष पेटला आणि एरिट्रियाने ते गाव घेतले. अमेरिका व रवांडा यांचा चतुःसूत्री प्रस्ताव इथिओपियाने मान्य केला. एरिट्रियाने केला नाही. आफ्रिकी ऐक्य संघटनेचा आराखडा एरिट्रियाने स्वीकारला तो फेब्रुवारी १९९९ च्या अखेरीस, बाद्मे गमावल्यावर. त्यानंतर तो अमलात आणण्यासाठी मांडलेली तांत्रिक व्यवस्था मात्र इथिओपियाला अमान्य झाली. प्रस्तावात काय आहे यापेक्षा तो आला तेव्हा बाद्मे कोणाच्या ताब्यात आहे, यावर स्वीकार अवलंबून राहिला. मे २००० मध्ये इथिओपियाने मोठी चढाई केली. सुरक्षा परिषदेने दोघांवर शस्त्रास्त्रबंदी लादली. १८ जून २००० रोजी अल्जीअर्स येथे युद्ध थांबवण्याचा करार झाला.

निर्णायक टप्पा त्यामानाने सुबोध आहे. १२ डिसेंबर २००० च्या शांतता कराराने पाच सदस्यांचा सीमा आयोग नेमला. १९००, १९०२ व १९०८ चे वसाहतकालीन करार आणि लागू होणारा आंतरराष्ट्रीय कायदा एवढाच त्याचा आधार; केवळ औचित्य पाहून निर्णय देण्यास त्याला स्पष्ट मनाई होती. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळच्या सीमा मानाव्यात, या १९६४ च्या कैरो ठरावाशी हे सुसंगतच होते. निवाडा १३ एप्रिल २००२ रोजी आला. बाद्मे कोणाचे हे त्यात उघड शब्दांत नव्हते. त्यामुळे आरंभी दोन्ही राजधान्यांनी विजय घोषित केला. गाव एरिट्रियाच्या बाजूस पडते, हे यथावकाश स्पष्ट झाले.

येथे प्रवर्तनाचा प्रश्न उद्भवतो. जून २००० च्या करारात आफ्रिकी ऐक्य संघटना व संयुक्त राष्ट्रे यांनी हमी दिली होती; तीत सनदेच्या सातव्या प्रकरणाखालील उपायांचाही उल्लेख होता. परंतु ती हमी लष्करी स्थितीविषयीच्या वचनांपुरती होती आणि तिची मुदत सीमा निश्चित होईपर्यंतच होती. निवाडा ‘अंतिम व बंधनकारक’ म्हटला गेला. तो न पाळणाऱ्याविरुद्ध काय करावे, हे त्या हमीत नव्हते. हा दोष करारलेखनातला आहे. तो केवळ दुराग्रहाच्या माथी मारणे अपुरे ठरते.

परिणाम क्रमाने घडले. २००३ मध्ये इथिओपियाने निवाडा नाकारला. २००४ मध्ये ‘तत्त्वतः’ स्वीकारला, पण बाद्मेचा ताबा सोडला नाही. एरिट्रियाने आपला रोष सीमेवरील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेवर काढून तिच्या हालचाली रोखल्या. खांब रोवणे अशक्य झाल्याने नोव्हेंबर २००७ मध्ये आयोगाने सीमांकन अक्षांश-रेखांशांनी झाल्याचे मानले. जुलै २००८ मध्ये शांतिसेनेचे कार्य संपले. २०१८ मध्ये पंतप्रधान अबी अहमद यांनी निवाडा पूर्णतः मान्य केला आणि दोन्ही राष्ट्रांनी युद्धस्थिती संपल्याचे जाहीर केले. सीमेवर खांब मात्र तेव्हाही रोवले गेले नाहीत.