शिपायाचा डोळा आणि यंत्राचा डोळा

१८९६ च्या जानेवारींत इंग्लंडमधील केंट परगण्यांत वॉल्टर अर्नोल्ड नांवाच्या गृहस्थानें आपली मोटार ताशीं आठ मैल वेगानें हांकली. कायद्याची मर्यादा दोन मैलांची! शिपायानें सायकलीवरून पाठलाग करून त्यास गांठलें व वेगाबद्दल एक शिलिंग दंड झाला. गुन्हेगार व शिपाई येथें समोरासमोर उभे होते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

तरी तो काळ सुवर्णयुग होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. १९०३ च्या कायद्यानें मर्यादा वीस मैलांवर नेली, तेव्हां शिपाई झुडपांआड घड्याळें घेऊन बसूं लागले. मोटारवाल्यांनीं १९०५ सालीं ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ काढली; तिचे सायकलस्वार सेवक सभासदांस पुढील सापळ्याची सूचना देत. मर्यादा ओलांडून येणाऱ्या चालकास अशी सूचना देणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा होय, असें न्यायालयानें १९१० सालीं ठरविलें. मग युक्ति निघाली. सेवकानें सभासदास सलाम करावयाचा; सलाम न झाल्यास सभासदानें थांबून कारण विचारावयाचें! न केलेल्या सलामाबद्दल खटला कोण भरणार?

मॉरिस गॅट्सोनिडिस हा डच शर्यतपटु. स्वतःचा वेग वाढावा म्हणून त्यानें मापनयंत्र बनविलें. त्याच्याच नांवाचे कॅमेरे पुढें वेगाचे वैरी झाले. ब्रिटनमध्यें १९९१ च्या कायद्यानें अशा छायाचित्रांचा पुरावा ग्राह्य ठरला आणि १९९२ सालीं पश्चिम लंडनमध्यें पहिला कॅमेरा बसला.

मग शिपायाची दया कोठें गेली? आमच्या मतें ती आंकड्यांत शिरली. पोलीस प्रमुखांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें मर्यादेवर दहा टक्के व आणखी दोन मैल सोडून देतात. म्हणजे तीस मैलांच्या रस्त्यावर सामान्यतः पस्तिसापासून कारवाई. ही सूट रोग्याकडे धांवणाऱ्या डॉक्टरास आणि उनाड पोरास सारखीच. तोंड पाहून सूट मिळत नाहीं, एवढा न्याय यांत खास आहे. परंतु ‘कां?’ हा प्रश्न रस्त्यावर विचारणारा कोणी उरला नाहीं. त्याच सूचनांत शिपायास प्रसंग पाहून वागण्याची मुभा राखली आहे. यंत्रास ती कशी द्यावी?

यंत्रास वाहनाचा क्रमांक दिसतो. म्हणून नोटीस मालकाकडे जाते, आणि चालक कोण होता हें सांगणें त्यास भाग असतें. न सांगणें हाच गुन्हा. यानें मौन राखण्याचा हक्क बुडतो, अशी तक्रार दोघां ब्रिटिश मालकांनीं स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत नेली. २९ जून २००७ रोजीं ती फेटाळली गेली. पंधरा न्यायाधीश एका बाजूस होते. दोघांस मात्र ती तक्रार खरी वाटली.