नाव दगडात, चेहरा मातीत

भरतीबरोबर होडी मांदाडच्या खाडीत शिरते आणि तुम्ही घोटाभर चिखलात उतरता. सुमारे १८०० वर्षं मागं आला आहात. खाडीच्या तोंडाशी जंजिरा शोधू नका. तो बांधायला अजून बराच अवकाश आहे. कान वर करा. डोंगरातून छिन्नीचा टणटणाट येतोय.

चढा. कुड्याच्या या डोंगरात २६ लेणी होणार आहेत. कुणी माळी, कुणी वैद्य, कुणी कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, जो तो आपापल्या पुण्यासाठी दान देतोय. दगडी हत्तीच्या बाजूनं आत या. धुळीनं घसा खवखवतो. उजेडाच्या तिरिपेत एक कारागीर भिंतीतून जोडपं बाहेर काढतोय. पुरुषाचं पागोटं, बाईची जड कुंडलं, पायातले वाळे, सगळं जिथल्या तिथं. चेहरे मात्र भरलेले, शांत, कुणाचेही असू शकतील असे. कार्ल्याच्या, कान्हेरीच्या भिंतींवर अशीच जोडपी भेटतात. दागिने आणि पागोटं त्यांची सुबत्ता सांगतात. माणूस कोण, ते सांगत नाहीत.

ते काम अक्षरांचं. ब्राह्मी ओळींवरून बोट फिरवा: लेखक सिवभूतीचा धाकटा भाऊ सिवम, त्याची बायको विजया, मुलगे. त्यांचं दान ‘सेलरूपकम’, म्हणजे दगडातलं रूपकाम. खांब मुलींनी दिलेले. त्यांतली एक सपा.

आता क्षणभर डोळे मिटा. आणखी काही शतकं पुढं, दूर पेरूच्या किनाऱ्यावर, मोचे कुंभार साच्यातून काढलेल्या ओल्या मातीवर एक ओठ घडवतोय. वरच्या ओठावर व्रण आहे, तो तसाच ठेवतोय. याच माणसाची ४०हून अधिक मुखपात्रं सापडणार आहेत, पोरवयापासून प्रौढपणापर्यंतची. संशोधक त्याला ‘फाटक्या ओठाचा’ म्हणतील, कारण मोचेंना लिपी नव्हती. चेहरा उरला, नाव गेलं.

डोळे उघडा. ओहोटी लागलीय, खाली नावाडी हाका मारतोय. खांबाला हात टेकून एक मुलगी उभी आहे. सपाच असावी. निघण्याआधी तिचा चेहरा तेवढा नीट पाहून घ्या. नाव दगड सांभाळेल.