अ‍ॅस्पिरिनला दाद न देणारे रक्त

मुंबईला किंवा कोल्हापूरला पायाच्या रक्तवाहिनीची बायपास करून रुग्ण रत्नागिरीला परततो, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर रोजची अ‍ॅस्पिरिन असते, बहुधा ७५ मिलिग्रॅमची. या गोळीबद्दल एक मत चांगलेच रुजले आहे. ती कित्येकांच्या रक्तावर चालतच नाही. म्हणून प्रत्येकाच्या प्लेटलेट (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी) यंत्रावर तपासाव्यात आणि आकडा वाईट आला तर डोस वाढवावा किंवा औषध बदलावे. हे मत निराधार नाही. २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या २० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अशा रुग्णांना हृदयविकार, पक्षाघात वगैरेंचा धोका जवळजवळ चौपट दिसला होता.

तरीही ते मला मान्य नाही. वाईट आकडा म्हणजे निकामी गोळी, हे गृहीतकच कच्चे आहे. २००७ च्या एका अभ्यासात २०१ हृदयरुग्णांचे रक्त सहा पद्धतींनी तपासले. एका पद्धतीने ४ टक्के लोक ‘दाद न देणारे’ ठरले, दुसरीने जवळजवळ ६० टक्के. माणसे तीच, औषध तेच! २०१३ साली अमेरिकेत ४०० निरोगी लोकांवर प्रयोग झाला, त्यात खरा प्रतिरोध एकाच्याही रक्तात सापडला नाही. सापडले ते एवढेच, की लेप दिलेली गोळी काहींच्या अंगात उशिरा किंवा कमी शोषली जाते. आणि जो गोळी घेतच नाही, त्याचाही आकडा वाईटच येतो. धोकाही त्यालाच अधिक.

बरे, आकडा पाहून औषध बदलले तर फायदा होतो का? फ्रान्समधल्या ‘आर्क्टिक’ चाचणीत (२०१२) स्टेंट घालायच्या २,४४० रुग्णांपैकी निम्म्यांच्या प्लेटलेट मोजून गरजेप्रमाणे औषध बदलले. काही फरक पडला नाही. ते हृदयाचे रुग्ण होते, पायाचे नव्हेत, हे कबूल. पण पायाच्या बाबतीत फायदा दाखवायची जबाबदारी ‘मोजा’ म्हणणाऱ्यांवर आहे.

शस्त्रक्रियेनंतर नव्या प्लेटलेट झपाट्याने तयार होतात आणि काहींच्या बाबतीत गोळीचा असर २४ तास टिकत नाही, हा प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा. परंतु मग सकाळी गोळी घेतल्यावर काढलेल्या एका नमुन्यात ते दिसणार कसे? शिवाय प्लेटलेट एकत्र येण्याच्या तपासणीला रक्त सायट्रेटच्या नळीत, बर्फाविना, साधारण चार तासांच्या आत यंत्रावर लागते. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवलेल्या नळीत प्लेटलेट तोवर आपोआप थकलेल्या असतात. तो आकडा प्रवासाचा, रुग्णाचा नव्हे.

पायाच्या रुग्णांवर खरा फरक दिसला तो ‘व्हॉयेजर’ चाचणीत (२०२०). ६,५६४ रुग्ण, अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला रिव्हरॉक्सबॅन हे रक्त गोठू न देणारे औषध, २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पाय धोक्यात येण्याचे प्रसंग कमी झाले, रक्तस्राव थोडा वाढला. प्लेटलेट मोजून कोणाची निवड केली नव्हती.

तेव्हा तपासणीचे पैसे राखून आधी रिकामी पाकिटे पाहावीत, बिडी-मिश्री सुटली का ते विचारावे, घोट्याचा रक्तदाब डॉपलरने मोजावा. आणि दुखण्यावर मेडिकलमधून आणलेली गोळी कोणती, हे जरूर विचारावे. कॉम्बिफ्लॅममधले आयब्युप्रोफेन प्लेटलेटमधल्या कॉक्स-१ या एन्झाइमची जागा अडवून बसते. मागून आलेली अ‍ॅस्पिरिन रक्तात फार वेळ टिकत नाही. जागा मोकळी होईपर्यंत ती संपून गेलेली असते.