नवजात बाळाच्या रक्तातला जंतुदोष : ताप येण्याची वाट पाहू नका

जन्मानंतर पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या रक्तात जंतू शिरून अंगभर पसरले, तर त्याला जंतुदोष किंवा सेप्सिस म्हणतात. जंतू प्रसूतीच्या वेळी आईकडून, न धुतलेल्या हातांतून किंवा नाळेतून शिरतात. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना धोका जास्त.

मोठ्यांना जंतुदोष झाला की ताप येतो. बाळाला येईलच असे नाही. अनेकदा ते उलट थंड पडते. ‘ताप नाही ना, मग बघू उद्या’ या बोलण्यातच वेळ निघून जातो.

ओळखायचे कसे, याचे उत्तर आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातून आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायांना बाळ तपासायला, गरज पडली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. पूर्वी जंतुदोष झालेल्या १०० बाळांमागे १६-१७ दगावत. उपचारानंतर ते प्रमाण तीनच्या आत आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. आज आशाताई घरी येऊन बाळ बघतात, त्याची मुळे इथली.

त्यांनी ठरवलेली लक्षणे सात : बाळ दूध ओढणे कमी किंवा बंद करते, रडणे क्षीण होते, हातपाय ढिले पडतात, उलटी होते किंवा पोट फुगते, अंग थंड किंवा गरम लागते, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, नाळेतून पू येतो. यातली दोन एकाच वेळी दिसली तर जंतुदोष धरायचा, हा कार्यकर्तीचा नियम. घरच्यांनी मात्र दुसऱ्या लक्षणासाठी थांबू नये. चांगले पिणाऱ्या बाळाने दूध सोडले, एवढे पुरे आहे.

रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून डॉक्टर संशयावरच औषध सुरू करतात. त्याला घाबरू नका.

मुलचेऱ्यासारख्या जंगल तालुक्यात, पावसाळ्यात तर जास्तच, रस्त्याचा वेळ धरून निघावे लागते. १०२ किंवा १०८ ला फोन करा, आशाताईंना कळवा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेणे-आणणे मोफत आहे. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवा. पीत असेल तर पाजत राहा.

चिल्ल्याचे ४० दिवस आईने घरात राहायचे, हा रिवाज आजारी बाळाच्या आड येऊ देऊ नका. दादी-नानींनी हे आधीच सांगून ठेवले तर सुनेला बोलायला धीर येतो. अकीक्याला पाहुणे येतील, त्यांनी हात धुऊनच बाळाला घ्यावे. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नये. मधाची घुट्टी वर्षभर नको. पहिले पिवळसर दूध मात्र फेकू नका.