करपा, सरकार आणि एकच बियाणं : कोरियातल्या 'तोंगिल' भाताची गोष्ट

भातावर करपा आला की बांधावर पहिला प्रश्न हाच येतो, "बियाणं कुठलं लावलंवतं?" मग कुणीतरी सांगतं, दुकानदार म्हणाला होता हे करप्याला दाद देत नाही. दोन-तीन वर्षं खरंच देतही नाही. मग एका ढगाळ, दमट सप्टेंबरात पानावर ते होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके दिसतात आणि शिव्या दुकानदाराला बसतात. शिव्या द्यायच्या तर द्या, पण त्याआधी दक्षिण कोरियातली ही गोष्ट वाचा.

साठच्या दशकात कोरियात तांदळाची एवढी टंचाई होती की शाळेत मास्तर पोरांचे डबे उघडून बघायचे. भातात जव मिसळलेत की नाही, हे तपासायला! हॉटेलांत ठरावीक दिवशी भात बंद. (आपल्याकडे 1965 साली शास्त्रीजींनी सोमवारचं संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं, त्याच सुमाराची ही गोष्ट. फरक इतकाच की शास्त्रीजींनी विनंती केली होती.) तांदळाची दारूसुद्धा बंद होती.

त्या काळात हो मुन-ह्वे नावाचे कोरियन शास्त्रज्ञ फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेले. कोरियाचा भात जपानी जातकुळीचा, आखूड आणि चिकट. उष्ण प्रदेशातला आपला भात इंडिका. दोघांचा संकर केला तर पुढची पिढी बरीचशी वांझ निघते, ही जुनी अडचण. त्यांनी तीन वाणांचा संकर करून वाट काढली. त्यातून आलेल्या वाणाला 1971 साली नाव मिळालं 'तोंगिल', म्हणजे एकीकरण. ताट बुटकं, खत पचवणारं, उत्पन्न स्थानिक वाणांपेक्षा साधारण 30 टक्के जास्त, आणि मुख्य म्हणजे कोरियातला करपा त्याला शिवत नव्हता.

लोकांना तो आवडला का? नाही. भात मोकळा व्हायचा, कोरियन जिभेला चिकट लागतो. दाणे लवकर झडायचे, थंडी सोसायची नाही. पेंढा इतका आखूड की दोर वळायला आणि घर शाकारायला उपयोग नाही. पण राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांना आकडा हवा होता. सरकार चढ्या भावाने खरेदी करायचं, ही झाली गाजराची बाजू. दुसरी बाजू म्हणजे ज्यांनी जुन्या वाणाचा तरवा टाकला, त्यांचे वाफे अधिकारी येऊन तुडवून जायचे.

आकडा आला! 1977 साली देशाची सरासरी हेक्टरी जवळपास 4.9 टन तांदूळ. त्या काळी तो जागतिक विक्रम मानला गेला. देश तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तांदळाच्या दारूवरची बंदी उठली.

आणि पुढच्याच वर्षी करपा आला.

1978 साली भाताच्या सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्रावर तोंगिलच्याच कुळातले वाण होते. त्यातले 'नोपुंग' आणि 'नेग्योंग' हे तर नवे, पैदासकारांच्या नावावरून नाव दिलेले आणि सरकारने डोक्यावर घेतलेले. लोंबी बाहेर पडली आणि तिची मान काळी पडून मोडायला लागली. दाणे पोचट. पान करपलं तर पीक थोडंफार सावरतं, मान गेली की त्या लोंबीचं काही उरत नाही.

झालं काय, तर या वाणांची प्रतिकारशक्ती थोड्याच जनुकांवर उभी होती. दाराला एक कुलूप लावावं तशी. करप्याची बुरशी मात्र एका ठिपक्यातून हजारो बीजाणू सोडते, एका हंगामात तिच्या कितीतरी पिढ्या होतात. त्यातल्या एखादीला त्या कुलपाची किल्ली सापडली की पुरे. शेजारच्या शेतात वेगळं कुलूप असतं तर ती तिथे अडली असती. इथे मैलोन्‌मैल तेच कुलूप! त्यात उत्पन्नासाठी युरियासारखी नत्र खतं भरपूर दिलेली, आणि जादा नत्राने माजलेल्या पिकावर करपा जास्तच चढतो.

माझ्या मते शास्त्रज्ञांचं काम इथे चुकलं नव्हतं. वाण चांगला होता. तो सगळीकडे लावायचा हुकूम प्रयोगशाळेतून निघाला नव्हता. शेतकऱ्यांनी हेच म्हणत भरपाई मागितली : पेरायला तुम्ही लावलंत, आता नुकसान आमचं कसं?

1979 साली पार्क यांची हत्या झाली. 1980 चा उन्हाळा विलक्षण थंड गेला आणि तांदळाचं उत्पादन एक तृतीयांशाहून अधिक घसरलं. तोंगिलचं क्षेत्र आटत गेलं, 1992 पासून सरकारने त्याची खरेदीही बंद केली.

उलटा प्रयोग चीनच्या युन्नान प्रांतात झाला. 1998-99 साली तिथल्या शेतकऱ्यांनी करप्याला बळी पडणाऱ्या चिकट भाताच्या ओळी संकरित भाताच्या मधे मधे लावल्या. एकटा लावलेल्या चिकट भाताच्या तुलनेत त्यावरचा करपा 94 टक्क्यांनी घटला, आणि दुसऱ्या वर्षाअखेर तिथल्या शेतकऱ्यांनी बुरशीनाशक फवारणंच सोडलं.

तुमच्या गावात यंदा किती जातीचे भात लागलेत? मोजून कमेंटमध्ये सांगा. आजोबांच्या वेळचा आकडा माहीत असेल तर तोही लिहा.