व्यायामाची मात्रा : पनवेल, लोणावळे आणि ताय ची

ताय ची या चिनी व्यायामप्रकाराची चर्चा निघाली, की आपल्याकडे दोन विधाने बहुधा ऐकावयास मिळतात. हा व्यायाम अतिप्राचीन आहे, हे पहिले. आणि तो मूळचा आपलाच असून बोधिधर्माबरोबर चीनमध्ये गेला, हे दुसरे. दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत. बोधिधर्माने चिनी भिक्षूंना व्यायाम शिकविल्याची कथा मुख्यतः ‘यीजिन जिंग’ या सतराव्या शतकातील ग्रंथावर आधारलेली आहे. म्हणजे बोधिधर्म आणि हा ग्रंथ यांच्यात सुमारे एक हजार वर्षांचे अंतर पडते. शिवाय ताय चीचे परंपरागत अनुयायी आपले मूळ शाओलिन मठाकडे नव्हे, तर झांग सानफेंग या ताओपंथी सिद्धाकडे नेतात. तीही कथा तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० च्या दशकात अग्राह्य ठरविली. हेनान प्रांतातील चेनजियागौ या गावी जाऊन त्याने चेन घराण्याची कागदपत्रे तपासली आणि या विद्येचा उगम सतराव्या शतकातील चेन वांगतिंग या योद्ध्यापर्यंत नेऊन पोहोचविला.

तेव्हा ‘प्रथम कोणाचे?’ हा प्रश्न बाजूस ठेवून दुसरा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल : शत्रूशी लढण्यासाठी निर्माण झालेली शरीरविद्या आरोग्याचे साधन केव्हा व कशी बनली? या प्रश्नाच्या प्रकाशात चीनच्या इतिहासाबरोबर आपल्या शेजारच्या पनवेल–लोणावळे परिसराचा इतिहासही नव्याने वाचता येतो.

ताय चीचे पूर्ण नाव ‘ताय ची छुआन’ असे आहे. त्यातील ‘छुआन’ म्हणजे मूठ; अर्थात ही मूळची मुष्टिविद्या होय. चेन घराण्यात राखलेली ही विद्या यांग लुचान (१७९९–१८७२) याने बीजिंगला नेली आणि त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने तिला आज परिचित असलेले संथ, एकसारख्या गतीचे रूप दिले. त्यामुळे मल्ल नसलेल्या, नगरवासी, प्रौढ माणसासही ती साध्य झाली. १९५६ साली चिनी शासनाच्या क्रीडाविभागाने चोवीस क्रियांचा संक्षिप्त पाठ सिद्ध केला, तेव्हा तिचे सार्वजनिक आरोग्यव्यायामात झालेले रूपांतर पुरे झाले. २०२० मध्ये युनेस्कोने तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशात केला. म्हणजे जी संथ गती या विद्येचा प्राचीन आत्मा म्हणून सांगितली जाते, ती मुख्यत्वे विसाव्या शतकाची देणगी आहे.

आता पनवेलकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एकाच तालुक्यात शरीरविषयक दोन विचारधारा शेजारी शेजारी आढळतात. पनवेलजवळील शिरढोण येथे १८४५ साली वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. वासुदेव बळवंतांनी पुण्यास लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रविद्येचे धडे घेतले आणि ते कमावलेले शरीर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावात झिजविले. १८८३ साली एडनच्या कारावासात त्यांचे देहावसान झाले. शरीरबल हे राष्ट्रकार्याचे साधन, ही ती एक धारा. दुसरी धारा वैद्यकाची. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे धूतपापेश्वर औषधी कारखान्याची स्थापना केली आणि वैद्याच्या घरातील खलबत्त्यात होणारी औषधनिर्मिती कारखान्याच्या स्वरूपात आणली.

या दुसऱ्या धारेच्या मागे जे शास्त्र होते, त्यात व्यायामास निश्चित स्थान आहे; परंतु ते तालमीतील स्थानाहून भिन्न आहे. चरकाने व्यायामाचे फळ सांगताना लाघव, कार्यक्षमता, स्थैर्य, क्लेश सोसण्याची शक्ती आणि अग्नीची वृद्धी यांचा उल्लेख केला आहे. सुश्रुत आणि वाग्भट यांनी त्याची मात्राही ठरवून दिली : व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा. ही मर्यादा ओळखावी कशी, तर श्वास तोंडावाटे येऊ लागला, की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजून थांबावे. वय, बल, देश, काल व आहार पाहून ही मात्रा बदलते आणि ती ओलांडली असता तहान, भ्रम, खोकला, ज्वर, श्वास यांसारखे विकार संभवतात. औषधाप्रमाणे व्यायामालाही मात्रा असते, हा या विवेचनाचा गाभा होय. दंडबैठकांची संख्या हेच पौरुषाचे मोजमाप मानणाऱ्या वातावरणात हा विचार मागे पडला, यात नवल नाही.

या दोन धारांचा संगम पनवेलहून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यास झाला. १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), हे यांग चेंगफूचे समवयस्क. प्रथम त्यांनी बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात तीन वर्षे शिक्षण घेतले. पुढे परमहंस माधवदासजींकडे योगाभ्यास केला. उड्डियान, नौली इत्यादी क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून मांडले. याच काळात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. तेही आधी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करीत असत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

चीन आणि महाराष्ट्र यांनी एकमेकांपासून उसनवारी केली, असा याचा अर्थ नव्हे. परसत्तेच्या दडपणाखाली दोन्ही समाजांस देहाच्या दौर्बल्याची जाणीव झाली आणि दोघांनीही आपापल्या जुन्या विद्येची नवी, सर्वसुलभ मांडणी केली, एवढेच म्हणता येते. फरक असा, की कुवलयानंदांनी परंपरेचा शब्द प्रमाण न मानता तिला प्रयोगशाळेत उभे केले. ताय चीची तशी कठोर परीक्षा बरीच उशिरा झाली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पार्किन्सन रोगाच्या १९५ रुग्णांना तीन गटांत विभागून चोवीस आठवडे व्यायाम देण्यात आला. ताय ची करणाऱ्यांची तोल सांभाळण्याची क्षमता इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक सुधारली. पडण्याचे प्रमाण मात्र ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या मानाने कमी झाले. स्नायूंना भार देणाऱ्या व्यायामाच्या तुलनेत तसा निर्णायक फरक दिसला नाही. निष्कर्षाची अशी मर्यादा नोंदविणे हेच शास्त्राचे लक्षण होय.

सारांश, व्यायामाची प्राचीनता हा त्याच्या गुणाचा पुरावा नव्हे आणि त्याचे परदेशीपण हा दोषही नव्हे. वृद्धाने वा रुग्णाने संथ हालचालींचा अभ्यास केला, तर तो अर्धशक्तीच्या जुन्या नियमाला धरूनच होईल. मग त्या हालचालींचे नाव चिनी असो वा संस्कृत. इतिहासकाराने त्याला वंशावळ पुरविण्याची घाई करू नये. मात्रा कोणी, कोणासाठी आणि कशाच्या आधारे ठरविली, एवढे त्याने तपासून सांगितले, तरी त्याचे काम झाले.