स्तोत्रांचें पालुपद

कीर्तनाला बसलेल्या मनुष्यास ध्रुवपदाचें महत्त्व सांगावयास नको. आख्यान बुवांचें, पण पालुपद सभेचें. तें तोंडीं येतांच श्रोता नुसता श्रोता राहत नाहीं. बायबलांतील स्तोत्रसंहितेंतही हीच योजना आढळते. 136 व्या स्तोत्राचीं 26 वचनें आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध अक्षरशः एकच आहे. सृष्टीची उत्पत्ति, मिसर देशांतून सुटका, राजांचा पराभव, असा सारा इतिहास पूर्वार्धांत पुढें सरकतो. उत्तरार्धांत देवाच्या अखंड दयेचें तेंच वाक्य परत येतें. एकट्यानें वाचावयास ही रचना कंटाळवाणी खरी. पण एकानें सांगावें व अनेकांनीं झील धरावी, ह्यासाठींच ती घडलेली दिसते.

हें गाणें पश्चिमेकडील मंडळीनें शिकलें तें संकटांत. इ. स. 386 मध्यें मिलान येथें राजमाता जस्टिना हिनें एरियन पंथीयांसाठीं एक चर्च मागितलें. बिशप अँब्रोज तें देईना. लोक आंतच पहारा करीत बसले. त्यांत ऑगस्टिनची आई मोनिका होती. हे लोक शिणून खचूं नयेत म्हणून पूर्वेकडील रीतीनें स्तोत्रें व गीतें गाण्याचा प्रघात तेव्हां पडला, असें ऑगस्टिन आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागांत सांगतो. म्हणजे आज आपण ज्याला पाश्चात्य उपासनासंगीत म्हणतों, त्याचें मूळच उसनवारीचें! त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागांत, शब्दांपेक्षां सुरानेंच आपण अधिक हेलावतों कीं काय, म्हणून ऑगस्टिन धास्तावतो. भजनांत नाटकी चाली शिरल्या म्हणून कुरकुरणाऱ्यांस ही धास्ती ओळखीची वाटेल.

पुढें जिनीव्हांत कॅल्व्हिनच्या प्रेरणेनें 150 स्तोत्रें फ्रेंच पद्यांत बसविलीं गेलीं. तो संग्रह 1562 मध्यें पुरा झाला. त्याच चालींवर 1573 मध्यें जर्मन व 1607 मध्यें हंगेरियन स्तोत्रें तयार झालीं. चाल अढळ राहिली, भाषा तिच्या मापानें कापली गेली.

मराठींत हें कापणें जड जातें. आपलें पद्य ऱ्हस्वदीर्घांवर चालतें, इंग्रजी चाल शब्दांच्या आघातावर. चाल जेथें विसावते तेथें नेमका ऱ्हस्व इकार येतो, आणि गाणारा बिचारा तो चार मात्रा ताणीत राहतो. अर्थ कळतो, पण शब्द परका होतो.

अमेरिकन मिशन 1831 मध्यें अहमदनगरास आलें. त्या मंडळींतील कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनें रचलीं. आणि 1895 मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेऊन नगरास राहिलेले नारायण वामन टिळक यांनीं अभंग व पदें यांचा ओघच वाहविला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते मानीत. अशा माणसास अभंग उसना घ्यावा लागत नाहीं. पण ह्या चाली देवळाच्या, त्या चर्चमध्यें कां, ही शंका सहज निघते. ज्यांनीं ख्रिस्तासाठीं आप्तेष्ट व गांव गमावलें, त्यांना टाळमृदंग ऐकून तें सोडलेलें घर आठवलें, तर त्यांस हट्टी म्हणूं नये. तथापि दुसऱ्या पारड्यांत काय होतें? अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हातीं गीतपुस्तक देऊन काय होणार! तिला ओवी पाठ होती, जात्यावर ती तीच गात होती. तिच्या चालीचें पालुपद मिळालें कीं उपासनेंत तिला आवाज मिळे. न मिळालें तर ती चर्चमध्यें मुकी बसे. मला टिळकांचा पक्ष अधिक खरा वाटतो तो ह्या बाईमुळें, त्यांच्या काव्यगुणांमुळें नव्हे. काव्य म्हणून त्यांचें अपुरें राहिलेलें, पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलेलें ‘ख्रिस्तायन’ कितीही थोर असो.

कॅथलिक मंडळीला हें उशिरा, पण अधिकृतपणें पटलें. व्हॅटिकन परिषदेनें 1963 मध्यें देशोदेशींच्या संगीतपरंपरेस उपासनेंत स्थान दिलें, आणि 1969 च्या नव्या मिस्सांत वाचनानंतर पालुपदासह स्तोत्र आलें. वसईच्या मराठी मिस्सांत आज एक जण कडवें म्हणतो आणि मंडळी पालुपद धरते. तें एका श्वासांत मावेल एवढेंच असावें. कांहीं पालुपदें दोन-दोन ओळींचीं असतात, आणि दुसऱ्या ओळीला फक्त गायकवृंद उरतो.